मतदारसंघाची रेषा आणि बार्बरा जॉर्डन

ऑस्टिनच्या विमानतळावर सामानाची वाट पाहत असताना ब्राँझच्या एका पुतळ्याकडे माझे लक्ष गेले. विचारात गढून बसलेली एक कृष्णवर्णीय स्त्री. त्या विमानतळावरून मी कामानिमित्त अनेकदा ये-जा केली होती आणि ‘बार्बरा जॉर्डन टर्मिनल’ हे शब्द तितक्याच वेळा वाचले होते. पण त्या नावामागे कोण आहे हे जाणून घेण्याची तसदी कधी घेतली नव्हती. संगणकाच्या पडद्यासमोर दिवस घालवणाऱ्या आपल्यासारख्यांचे असे होते खरे. आपण या देशात राहतो, कर भरतो, मुलांना शाळेत घालतो. पण ज्यांच्या लढ्यामुळे या देशाची दारे आपल्यासाठी उघडली, त्यांची नावे आपल्याला विमानतळावर भेटतात.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत त्यांच्याविषयी वाचू लागलो आणि वाचता वाचता मला माझ्या मामांची आठवण झाली.

विदर्भातील आमच्या आजोळी ग्रामपंचायतीची एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव होती. बौद्ध वस्तीने एकमुखाने एका शिकलेल्या, बोलक्या तरुणाला उभे केले. वस्तीतील जवळजवळ प्रत्येक मत त्याला मिळाले आणि तरीही तो पडला. निवडून आले ते माझे मामा, कारण प्रभागातील मोठ्या घरांना ते चालणारे होते. मामा वाईट माणूस नव्हते. पाच वर्षे ते बैठकीत दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि सांगितले तिथे सही करत राहिले. वस्तीत नळ त्यांच्या काळात आला नाही. म्हातारपणी एकदा ते मला म्हणाले होते, “भाच्या, जागा आपली होती, पण मतं त्यांची होती.”

बार्बरा जॉर्डन यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध या एका वाक्याभोवती फिरतो.

ह्युस्टनची वस्ती

बार्बरा जॉर्डन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९३६ रोजी ह्युस्टनच्या ‘फिफ्थ वॉर्ड’ या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत झाला. वडील बेंजामिन जॉर्डन गोदामात कारकून होते आणि बॅप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशकही होते. त्या काळी टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक केवळ गोऱ्यांसाठी राखलेली असे. राज्यात दुसरा पक्ष नावापुरताच असल्याने प्राथमिक निवडणूक जिंकणारा उमेदवार पुढे निवडून येणारच, हे ठरलेले होते. म्हणजे कृष्णवर्णीयांना कागदावर मताचा अधिकार होता, पण जिथे निर्णय होई त्या खोलीला कुलूप होते. ह्युस्टनचेच एक दंतवैद्य, लोनी स्मिथ, या कुलपाविरुद्ध न्यायालयात गेले. थर्गुड मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली आणि ३ एप्रिल १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरवली. बार्बरा तेव्हा आठ वर्षांच्या होत्या.

फिलिस व्हीटली या शाळेत त्या शिकत असताना शिकागोच्या कृष्णवर्णीय वकील एडिथ सॅम्पसन तिथे व्याख्यानाला आल्या. त्यांना पाहून आपणही वकील व्हायचे, असे या मुलीने ठरवले. पुढे त्यांनी टेक्सास सदर्न विद्यापीठात प्रवेश घेतला. या विद्यापीठाचा जन्मच बोलका आहे. हेमन स्वेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने टेक्सास विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मागितला, तेव्हा त्याला आत घेण्याऐवजी राज्याने १९४७ साली कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विद्यापीठच उभारले. चवदार तळ्याचे पाणी खुले करण्याऐवजी वस्तीत वेगळी विहीर खोदून देण्यासारखेच हे. तरीही टॉम फ्रीमन या प्राध्यापकांच्या हाताखाली बार्बरा तिथे वादविवादात तयार झाल्या. १९५६ साली त्या उत्तम गुणांनी पदवीधर झाल्या आणि बॉस्टन विद्यापीठात कायदा शिकायला गेल्या. गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबर शिकण्याची ती पहिलीच वेळ. वेगळ्या शाळेतील शिक्षण समान कधीच नव्हते, ही जाणीव त्यांना तिथे झाली आणि ती उणीव त्यांनी रात्रीचा दिवस करून भरून काढली. आपल्यापैकी जे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून इथल्या विद्यापीठात येऊन बसले, त्यांना ही रात्र वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

१९५९ मध्ये पदवी मिळाल्यावर एक वर्ष त्यांनी अलाबामातील टस्कीगी येथे अध्यापन केले आणि मग त्या ह्युस्टनला परतल्या. वकिलीचे पहिले कार्यालय म्हणजे आईवडिलांच्या घरातील जेवणाचे टेबल. १९६० च्या केनेडी-जॉन्सन प्रचारात त्यांनी वस्तीतील गल्लीगल्लीसाठी एकेक कार्यकर्ता नेमून मतदारांना घराबाहेर काढण्याची पद्धत बसवली. राजकारणाची पहिली शिकवण त्यांना या पायपिटीतून मिळाली.

तीच उमेदवार, तीच वस्ती

१९६२ आणि १९६४ साली त्या टेक्सासच्या प्रतिनिधीगृहासाठी उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा पराभूत झाल्या. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. हॅरिस काउंटीतून अनेक प्रतिनिधी निवडले जात, पण प्रत्येक जागेसाठी मतदान होई ते अख्ख्या काउंटीचे. कृष्णवर्णीय मतदार त्यांच्या पाठीशी उभे होते. परंतु काउंटीत त्यांचे प्रमाण साधारण एक पंचमांश. उरलेल्या चार हिश्श्यांनी ठरवले की ही स्त्री नको. शिवाय मतदानाआधी भरावा लागणारा कर होताच.

हे वाचताना १९३२ आठवल्याशिवाय राहत नाही. त्यापूर्वीच, १९१९ साली, साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण बाबासाहेबांनी सांगितले होते की केवळ मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, त्या त्या समाजातील व्यक्तींचेही प्रतिनिधित्व हवे. गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मिळवला, तो याच विचारातून. आपला प्रतिनिधी आपल्या मतांवर उभा असला, तरच तो आपल्यासाठी बोलू शकेल. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा १४८ झाल्या. अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून एकाची अंतिम निवड सर्वांनी मिळून करायची, अशी तडजोड ठरली. जागा वाढल्या, पण शेवटचा शब्द दुसऱ्यांच्या हाती गेला. १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात खुद्द संविधानाच्या शिल्पकाराला लोकसभेच्या निवडणुकीत पराभव पत्करावा लागला, हे आपण मुलांना सांगतो. पण असे का घडले याची फोड क्वचितच करतो.

ह्युस्टनमध्ये ही गाठ न्यायालयाने सोडवली. तोवर टेक्सासच्या राज्यघटनेनुसार कोणत्याही एका काउंटीला एकापेक्षा अधिक सिनेटर मिळत नसे. बारा लाखांहून अधिक वस्तीच्या हॅरिस काउंटीला सिनेटर एकच! जून १९६४ मध्ये ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या विधिमंडळांसाठी ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व घालून दिले आणि टेक्सासला नकाशा पुन्हा आखावा लागला. हॅरिस काउंटीचे तुकडे झाले आणि अकरावा सिनेट मतदारसंघ जिथे तयार झाला तिथे बार्बरा जॉर्डन यांची वस्ती होती. १९६६ च्या प्रारंभी मतदानाचा करही न्यायालयांनी रद्द केला. त्याच वर्षी त्या निवडून आल्या. १८८३ नंतर टेक्सासच्या सिनेटमध्ये बसणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य आणि त्या सभागृहाच्या इतिहासातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

उमेदवार तीच होती, वस्ती तीच होती, भाषणेही बहुधा तीच असतील. बदलली ती नकाशावरची रेषा.

ऑस्टिनमधील सहा वर्षे

एकतीस सदस्यांच्या त्या सभागृहात त्या एकट्या कृष्णवर्णीय होत्या आणि एकट्या स्त्री होत्या. त्यांनी पहिले काम केले ते कामकाजाचे नियम तोंडपाठ करण्याचे. कोणते विधेयक कोणत्या समितीत अडते, कोणाचे मत कशाने वळते, याचा त्यांनी अभ्यास केला. या अभ्यासाचे फळ त्यांच्या कामात दिसते. टेक्सासचा पहिला किमान वेतन कायदा मंजूर होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या, अगदी हलकी समजली जाणारी कामे करणाऱ्यांना त्याचा आधार मिळाला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले होते, हे इथे सहज आठवते. वंचितांच्या घरातून आलेला प्रतिनिधी कायदेमंडळात पोहोचला की त्याची नजर आधी मजुरीकडे जाते.

१९७२ मध्ये सिनेटने त्यांना हंगामी अध्यक्षपदी निवडले आणि तिथल्या प्रथेनुसार १० जून १९७२ रोजी एक दिवसासाठी त्या टेक्सासच्या गव्हर्नर झाल्या. त्या समारंभाला वडील आले होते. तिथेच त्यांना झटका आला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. गोदामात कारकुनी केलेल्या त्या माणसाने मुलीला राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेली पाहूनच डोळे मिटले.

त्यांच्या वाट्याला आरोपही आले. १९७१ च्या फेररचनेत ह्युस्टनच्या मध्यवर्ती भागात काँग्रेसचा नवा अठरावा मतदारसंघ तयार झाला; त्याच वेळी त्यांचा जुना सिनेट मतदारसंघ असा आखला गेला की तिथून पुन्हा कृष्णवर्णीय उमेदवार निवडून येणे अवघड झाले. त्यांच्याबरोबरच १९६६ मध्ये राज्याच्या प्रतिनिधीगृहात निवडून आलेले कर्टिस ग्रेव्हज यांनी जाहीर आरोप केला की जॉर्डन यांनी स्वतःच्या काँग्रेसच्या जागेसाठी समाजाची सिनेटची जागा सोडून दिली. प्राथमिक निवडणुकीत ते त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. मतदारांनी जॉर्डन यांना प्रचंड बहुमत दिले. परंतु प्रश्न मिटला असे मला वाटत नाही. सत्तेच्या आत जाऊन वाटाघाटी करणारा नेता आणि बाहेरून त्याला जाब विचारणारा कार्यकर्ता, हा ताण आपल्या चळवळीतही जुना आहे. रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीने ग्रेव्हज यांना केवळ मत्सरी ठरवून पुढे जाऊ नये.

‘आम्ही लोक’ या शब्दांत कोण?

जानेवारी १९७३ मध्ये बार्बरा जॉर्डन वॉशिंग्टनला पोहोचल्या. त्या आणि जॉर्जियाचे अँड्र्यू यंग हे १९०१ नंतर दक्षिणेतून काँग्रेसमध्ये आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या शब्दामुळे त्यांना न्यायविषयक समितीत जागा मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्या समितीसमोर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाचा प्रश्न आला.

२५ जुलै १९७४ च्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवरून देशाने त्यांना ऐकले. बोलण्याचा आशय असा होता की १७८७ मध्ये संविधान पूर्ण झाले तेव्हा त्याच्या पहिल्या ओळीतील ‘आम्ही लोक’ या शब्दांत माझा समावेश नव्हता; घटनादुरुस्ती, न्यायालयांचे अर्थ लावणे आणि निकाल यांतून मी त्यात आले; आणि आता या संविधानाची मोडतोड होत असताना मी नुसती बघत बसणार नाही. त्यानंतर त्यांनी निक्सन यांना एकही अपशब्द वापरला नाही. महाभियोगाच्या व्याख्या एका बाजूला आणि राष्ट्राध्यक्षांची कृत्ये दुसऱ्या बाजूला, असे मुद्द्यामागून मुद्दे त्या ठेवत गेल्या. ९ ऑगस्टला निक्सन यांनी राजीनामा दिला.

आपल्या ‘आम्ही भारताचे लोक’ची कथा याहून वेगळी आहे. तिथे गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजातला माणूसच मसुदा समितीचा अध्यक्ष होता. इथे बाहेर ठेवलेल्यांना १८६५, १८६८ आणि १८७० च्या दुरुस्त्यांमधून आणि स्त्रियांना १९२० च्या दुरुस्तीतून आत यावे लागले. दक्षिणेत तर त्यानंतरही शतकभर दार लोटलेलेच होते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ज्यांना संविधानाने सर्वात उशिरा माणूस मानले, तेच त्याचे सर्वात जागरूक राखणदार ठरले. जन्मतः ज्यांच्याकडे सर्व काही असते त्यांना नियमांची किंमत कळत नाही. ज्यांच्याकडे नियमाखेरीज दुसरे काहीच नसते त्यांना ती कळते.

माझ्या मते त्यांचे याहून मोठे काम १९७५ चे आहे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवायची होती. टेक्सास त्याच्या विशेष देखरेखीच्या तरतुदींत नव्हता. कायदा पुन्हा उघडला तर आहे तेही हातचे जाईल, अशी भीती काही जुन्या नेत्यांना वाटत होती. जॉर्डन यांनी आग्रह धरला की टेक्सासही त्यात यावा आणि इंग्रजी न जाणणाऱ्या मतदारांनाही संरक्षण मिळावे. त्यांच्या राज्यात याचा लाभ प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या लोकांना होणार होता. स्वतःच्या समाजाला मिळालेले छप्पर त्यांनी शेजाऱ्यापर्यंत वाढवले. ६ ऑगस्ट १९७५ रोजी त्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. त्यातील भाषाविषयक तरतुदींत आशियाई वंशाचे नागरिकही होते. पुढे शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीतून आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीतून मतदानाचे साहित्य मिळू लागले, ते याच तरतुदींमुळे. भारतातून आलेल्या एखाद्या आजीला आपल्या लिपीतील मतपत्रिका हाती येते, तेव्हा तिच्यामागे फिफ्थ वॉर्डमधील ही मुलगी उभी असते.

आपल्याला न रुचणारे पान

१२ जुलै १९७६ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात बीजभाषण करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. मात्र १९७३ पासून ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हा आजार त्यांना ग्रासत होता. १९७९ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली आणि ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठात अध्यापन सुरू केले. हेमन स्वेटला ज्या विद्यापीठाने दार लावले होते, तेच हे विद्यापीठ. १९९४ मध्ये त्यांना स्वातंत्र्याचे राष्ट्राध्यक्षीय पदक मिळाले.

त्यांच्या अखेरच्या कामाविषयी लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. त्या स्थलांतर सुधारणा आयोगाच्या अध्यक्ष होत्या आणि १९९५ मध्ये या आयोगाने कायदेशीर स्थलांतर कमी करून वर्षाला सुमारे साडेपाच लाखांवर आणण्याची, तसेच नागरिकांच्या भावंडांसाठी असलेली व्हिसाची वाट बंद करण्याची शिफारस केली. काँग्रेसने ती कपात मान्य केली नाही, म्हणून आपल्यापैकी कित्येकांच्या बहीण-भावांचे अर्ज आजही रांगेत आहेत. पण त्याच वर्षी, या भूमीवर जन्मलेल्या मुलाला आईवडिलांच्या कागदपत्रांवरून नागरिकत्व नाकारण्याच्या कल्पनेला त्यांनी काँग्रेससमोर ठाम विरोध केला. जन्मावरून माणसाची पायरी ठरवू देणार नाही, हे त्यांचे सूत्र तिथेही सुटले नाही. त्यांच्या सर्व मतांशी आपण सहमत असू असे नाही. व्यक्तिपूजेपासून सावध राहण्याची शिकवण आपल्याला बाबासाहेबांनीच दिली आहे. १७ जानेवारी १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. ऑस्टिन येथील टेक्सास राज्य स्मशानभूमीत चिरविश्रांती मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती.

आपण कुठे उभे आहोत?

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२१ मध्ये मिशिगनच्या प्रतिनिधीगृहात आणि २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा मराठी माणूस म्हणून आपल्याला आनंद झाला. त्याच निकालाने डेट्रॉईट शहराला जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. लोकांनी रीतसर मत देऊन हे केले; त्यात कोणाचा दोष शोधण्याचे कारण नाही. पण ‘आपला माणूस निवडून आला’ एवढ्यावर थांबायचे, की तिथल्या वस्तीला काय वाटले असेल हेही विचारायचे? आंबेडकरवाद्याने दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापर्यंत येऊन पोहोचलाही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलच्या नगर परिषदेने जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. कॅलिफोर्नियात आयशा वहाब यांचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी ते रोखले. जातीचा प्रश्न इथे वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर नगर परिषदेत आणि राज्याच्या विधिमंडळात लढला गेला. जॉर्डन यांची वाटही तिथूनच गेली होती.

आणि रेषा अजून हलतच आहेत. २०१३ मध्ये ‘शेल्बी काउंटी’ खटल्याच्या निकालाने मतदान हक्क कायद्याची विशेष देखरेख निकामी झाली आणि टेक्सास तिच्यातून मोकळा झाला. २०२५ मध्ये दशकाच्या मध्यावरच टेक्सासने काँग्रेसचे मतदारसंघ पुन्हा आखले; त्यात जॉर्डन यांच्या अठराव्या मतदारसंघाच्या सीमाही बदलल्या.

आपल्यातील बरेच जण अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, मत देऊ शकत नाहीत. पण जनगणनेत नागरिक असो वा नसो, प्रत्येक रहिवासी मोजला जातो आणि त्याच आकड्यांवर मतदारसंघ आखले जातात. मतदारसंघांच्या फेररचनेवर सुनावणी होते तिथे रहिवाशाला जाता येते, बोलता येते. जे नागरिक झाले आहेत त्यांना शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत देता येते, उभेही राहता येते. १४ एप्रिलला आपण सभागृह भाड्याने घेतो, मुलांची भाषणे बसवतो, एकत्र जेवतो. त्याच दिवशी एका टेबलावर मतदार नोंदणीचे अर्ज आणि आपल्या भागाचा नकाशा ठेवणे काही अवघड नाही.

गेल्या महिन्यात मी माझ्या काउंटीचा नकाशा प्रथमच उघडून पाहिला. माझे घर कोणत्या मतदारसंघात आहे, त्याची रेषा कोणत्या रस्त्यावरून जाते आणि तिच्या पलीकडे कोणती वस्ती राहते, हे मला ठाऊक नव्हते. नोकरीत रोज हजारो ओळींचा संगणकीय संकेत तपासणाऱ्या माणसाला ही एक ओळ कधी तपासावीशी वाटली नव्हती. मामा आज हयात नाहीत. असते तर त्यांना फोन करून सांगितले असते की मामा, जागा कोणाची हे नंतर पाहू. आधी रेषा कोण आखतो ते पाहायला मी शिकतो आहे.

जय भीम.